प्रत्यारोपणानंतरचा खोकला: फुप्फुसातल्या बुरशीबद्दल अनुभव आणि माहिती हवी आहे

पर्वतीपायथा

नवऱ्याचं किडनी ट्रान्सप्लांट गेल्या दिवाळीनंतर झालं. किडनी सासूबाईंनी दिली. दोघांचीही तब्येत छान होती. शिमग्याच्या सुमारास त्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वर गेलं, बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय, असं निघालं, स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं देऊन ते आवरलं. आणि पाऊस सुरू झाल्यावर खोकला लागला.

कोरडा खोकला, जिना चढताना थोडी धाप, संध्याकाळी कणकण. थर्मामीटर लावला तर शंभरच्या आतच. घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, उतार पडेना म्हणून दुसरं दिलं. छातीचा एक्स-रे काढला, त्यात विशेष काही दिसलं नाही. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी 'टीबीची औषधं सुरू करून बघू' म्हणत चिठ्ठी लिहून दिली. मेडिकलमध्ये जाण्याआधी मी त्या चिठ्ठीचा फोटो आमच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर ताईंना पाठवला. लगेच फोन आला: "यातली एकही गोळी देऊ नका. उद्या सकाळी टॅक्रोचा डोस न घेता या, बरोबर आणा, रक्त दिल्यावर घेऊ."

(टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध.) पुढे टॅक्रोलिमसची लेव्हल म्हणजे रक्तातलं प्रमाण, एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), आणि दुर्बीण घालून फुप्फुसातलं धुतलेलं पाणी तपासणं असं सगळं झालं. निदान आलं अ‍ॅस्परजिलस. ही एक बुरशी आहे. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठी आहेत, एकीभोवती धूसर कडा आहे. व्होरीकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं आहे आणि निदान सहा ते बारा आठवडे चालेल असं सांगितलंय. त्यानंतर सीटी बघून ठरवतील.

ट्रान्सप्लांटच्या वेळी आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात पथ्य, गोळ्यांच्या वेळा, मास्क, गर्दी टाळा, हे सगळं होतं. बुरशीबद्दल एक ओळ होती. २०२१ मध्ये म्युकरचं (काळ्या बुरशीचं) नाव घराघरात पोचलं, पण ते आपल्या डोक्यात 'कोविडमधलं डोळ्याचं दुखणं' म्हणूनच राहिलं. किडनी, लिव्हर, हृदय बदललेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशी वाढू शकते हे निम्म्या घरांना माहीत नसेल. पुण्यात आता इतकी ट्रान्सप्लांट होतात, बार्शी, सातारा, नगरहून लोक इथे येऊन करून घेतात आणि परत गावी जातात. तिथे खोकला झाला की ते गावातल्याच डॉक्टरांकडे जाणार. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी आणि इथल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

माझे प्रश्न: ही बुरशी येते कुठून? घरात आणखी काय काळजी घ्यायची? आणि टीबीच्या गोळ्यांना एवढ्या तातडीने 'नाही' का म्हणाले?

मुळामुठा

ताई, काळजी घ्या. एक शंका: हे एकाकडून दुसऱ्याला होतं का? माझ्या मामांचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय आणि घरात लहान मूल आहे.

सूक्ष्मदर्शी

मी पुण्यात एका लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजी बघते, बुरशीचे नमुने रोज हाताखालून जातात. इलाज तुमचे डॉक्टर करतील, मी फक्त माझ्या बाजूचं लिहिते.

मुळामुठा, अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर माणसाकडून माणसाला होत नाहीत. मुलाला मामांपासून धोका नाही. (न्यूमोसिस्टिस नावाची एक बुरशी आहे, ती कमी प्रतिकारशक्तीच्या रुग्णांमध्ये एकमेकांना होऊ शकते. म्हणून अशा रुग्णांना शेजारी शेजारी ठेवत नाहीत.)

येते कुठून? हवेतून. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, म्हणजे फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशापर्यंत पोचतील इतके बारीक. आपण सगळेच रोज शेकड्यांनी ते श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्यांना रुजण्याआधीच संपवतात, आणि जे रुजतात त्यांचा समाचार रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी घेतात. प्रत्यारोपणानंतर नवा अवयव टिकावा म्हणून आपण नेमकी हीच फौज औषधांनी दाबून ठेवतो. त्यात रिजेक्शनसाठी स्टिरॉइडचा मोठा डोस झाला, स्टिरॉइड-टॅक्रोमुळे साखर वाढली, किंवा सीएमव्ही नावाचा विषाणू उलटला, की धोका आणखी वाढतो. तुमच्याकडे रिजेक्शननंतर काही महिन्यांनी हे झालं, ते या हिशेबात बसतं. पहिले सहा महिने जपायचे असं सगळ्यांना सांगतात, पण रिजेक्शनचा इलाज झाला की ते घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून धरायचं.

अवयवाप्रमाणे धोका वेगळा असतो. सर्वांत जास्त फुप्फुस बदललेल्यांना, कारण तिथे नवा अवयवच थेट बाहेरच्या हवेला उघडा असतो. लिव्हरवाल्यांत कॅन्डिडा नावाची बुरशी जास्त, तीही बहुधा पोटातून आणि रक्तातून. किडनीत प्रमाण त्यामानाने कमी, पण किडनी बदललेल्यांची संख्याच एवढी मोठी की आमच्याकडे येणारे नमुने बहुतेक त्यांचेच.

आता ताप. स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाचा ताप दबलेला असतो. शंभरच्या आत म्हणून सोडून देऊ नये. बरीच केंद्रं १००.४ फॅरनहाइटला लगेच फोन करायला सांगतात, पण नुसती कणकण आणि न हटणारा खोकला एवढंही फोन करायला पुरेसं आहे. एक्स-रेचंही तसंच. सुरुवातीला तो बऱ्याचदा स्वच्छ दिसतो, गाठी एचआरसीटीत दिसतात. आणि या एचआरसीटीला शिरेतून डाय द्यावा लागत नाही. 'किडनीला त्रास होईल' या भीतीने लोक सीटी लांबवतात, ती भीती इथे लागू नाही.

रक्तातली गॅलॅक्टोमॅनन तपासणी (अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतली एक शर्करा) ब्लड कॅन्सरच्या रुग्णांत बरी चालते, अवयव बदललेल्यांत तेवढी नाही. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी बुरशी नाही असं म्हणता येत नाही. तीच तपासणी दुर्बिणीतून धुतलेल्या पाण्यावर केली की जास्त भरवशाची. म्हणून डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी सांगतात तेव्हा कृपया 'नको, रक्तावरच बघा' म्हणून मागे लागू नका.

नमुना आला की आम्ही पहिल्यांदा काय करतो ते सांगते. काचपट्टीवर थोडा नमुना, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर कव्हरस्लिप. थोडा वेळ ठेवलं की माणसाच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू तेवढे उरतात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, सारख्या जाडीचे, मध्ये आडवे पडदे आणि साधारण ४५ अंशात फुटलेले फाटे. म्युकर रुंद, वेडावाकडा, चुरगळलेल्या फितीसारखा, पडदे जवळजवळ नाहीत, फाटे काटकोनात. हा फरक दिसला की मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, आधी वॉर्डला फोन करते. कारण व्होरीकोनॅझोल अ‍ॅस्परजिलसवर चालतं, म्युकरवर अजिबात चालत नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं आणि शक्य असेल तर तो भाग कापून काढावा लागतो. आणि गॅलॅक्टोमॅनन, बीटा-डी-ग्लुकन या दोन्ही तपासण्या म्युकरमध्ये निगेटिव्हच येतात. दोन्ही निगेटिव्ह म्हणून निवांत झालेल्या माणसाच्या फुप्फुसात म्युकर असू शकतो.

बार्शीलाईट

टीबीच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी ते भोगलंय. माझं लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं आहे, डोनर मेंदूमृत व्यक्ती होती. झेडटीसीसीकडून (दात्यांचे अवयव रुग्णांना मिळवून देणारं विभागीय केंद्र) फोन आला ती रात्र आणि त्या अनोळखी घराचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी गावाकडे असताना खोकला झाला. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसला आणि टीबीचा कोर्स सुरू केला. त्यांच्या जागी कोणीही तसंच केलं असतं, आपल्या भागात छातीवरचा डाग म्हटलं की आधी टीबीच आठवतो. मी ट्रान्सप्लांटचं सांगितलं होतं, कागदावर लिहिलंही गेलं. पण त्या कोर्समधलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसला काय करतं हे कुणी पाहिलं नाही.

रिफाम्पिसिनमुळे लिव्हरमधलं औषधं फोडणारं एन्झाइम जोरात काम करायला लागतं आणि टॅक्रो रक्तात टिकतच नाही. गोळी वेळेवर घेतोय, डोस तोच आहे, आणि लेव्हल तळाला. डोळे पिवळे झाले तेव्हा पुण्याला आलो. रिजेक्शन. आणि एवढं होऊन तो डाग टीबीचा नव्हताच, बुरशीचा होता. त्यात आणखी एक पेच: रिफाम्पिसिन व्होरीकोनॅझोललाही तसंच संपवतं, दोन्ही एकत्र देताच येत नाहीत. आणि रिफाम्पिसिन बंद केलं तरी त्याचा परिणाम दोनेक आठवडे रेंगाळतो.

टीबीची औषधं वाईट आहेत असं कुणी समजू नये. ट्रान्सप्लांटवाल्यांना खरा टीबीही होतो, आपल्या देशात तर जास्तच होतो. तेव्हा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात किंवा वेगळी जुळणी करतात आणि लेव्हल सारखी तपासतात. पण 'सुरू करून बघू' हे आपल्यासाठी नाही. आधी थुंकी, दुर्बीण, सीटी, जे लागेल ते करून शत्रू कोण हे कळू दे. पर्वतीपायथा ताई, तुम्ही फोटो पाठवलात त्याने मोठं संकट टळलं.

पर्वतीपायथा

बार्शीलाईट दादा, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल खरंच आभार. आता लिव्हर कसं आहे?

सूक्ष्मदर्शी, ते ४५ अंशांचं वाचून त्याचा रिपोर्ट पुन्हा काढला. त्यात 'सेप्टेट, अ‍ॅक्यूट अँगल ब्रांचिंग' लिहिलंय. आत्ता कळलं की ते एवढं महत्त्वाचं का होतं.

व्होरी सुरू करताना त्याचा टॅक्रोचा डोस एकदम खाली आणला. तो म्हणतो, "एवढ्याने कसं भागेल, पुन्हा रिजेक्शन झालं तर?" त्याला भीती बसली आहे. यावर कुणी लिहील का?

सदाशिवपेठी_फार्मसी

मी फार्मासिस्ट आहे, दुकानात ट्रान्सप्लांटचे बरेच नेहमीचे रुग्ण आहेत. तुमच्या मिस्टरांची भीती साहजिक आहे, पण डोस कमी केलाय तो बरोबरच आहे.

बार्शीलाईट यांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलटा प्रकार इथे होतो. व्होरीकोनॅझोल त्याच एन्झाइमला थांबवतं. टॅक्रो फुटत नाही, रक्तात साचत जातं. म्हणून व्होरी सुरू करताना टॅक्रोचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात, सायक्लोस्पोरिन असेल तर निम्म्यावर. सिरोलिमस घेणाऱ्यांना व्होरी देऊ नये असंच औषधाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. डोस जुनाच ठेवला तर लेव्हल चढते, हात थरथरतात, डोकं दुखतं, साखर आणि पोटॅशियम वाढतं, क्रिएटिनिन वर जातं. आणि ते क्रिएटिनिन बघून घरच्यांना वाटतं रिजेक्शन झालं! गोळ्या किती खातोय त्यापेक्षा रक्तात किती आहे ते महत्त्वाचं. लेव्हलचे आकडे त्यांना दाखवा, भीती जाईल.

आणि हे ठळक लिहितो: व्होरी बंद होईल त्या दिवसाकडे लक्ष ठेवा. ब्रेक निघाला की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं आणि तो कमी केलेला टॅक्रोचा डोस अपुरा पडतो. सुरू करताना सगळे सावध असतात. बंद करताना 'चला, सुटलो एकदाचे' अशा आनंदात पुढच्या लेव्हलची तारीखच कुणी मागून घेत नाही. डॉक्टर 'बंद करा' म्हणाले की त्याच बैठकीत विचारायचं: टॅक्रो कधीपासून वाढवायचं, किती, आणि लेव्हल कोणत्या दिवशी.

व्होरी रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर. गोळीनंतर थोडा वेळ दिसायला धूसर होतं, रंग वेगळे दिसतात, उजेडाचा त्रास होतो. बहुतेकांचं ते आपोआप जातं, पण तेवढ्यात स्कूटर चालवू नये. ऊन टाळायचं, पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, कारण कातडी भाजल्यासारखी होते. ज्यांना महिनोन्‌महिने घ्यावं लागतं त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. भास व्हायला लागले किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच कळवायचं. व्होरीचीही लेव्हल करतात, माणसागणिक ती फार बदलते.

साध्या खोकल्याच्या चिठ्ठीतसुद्धा अडचण असते. क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रो चढवतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यामानाने सौम्य. रक्तदाबाची डिल्टियाझेम चढवते. फिटची फेनिटोइन उतरवते. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर टॅक्रो आणि ते मिळून किडनीला मारतात. पपनससुद्धा खायचं नाही, त्यानेही लेव्हल चढते. दुकानात कुणीही ट्रान्सप्लांटचं कार्ड दाखवलं की मी नवी चिठ्ठी बाजूला ठेवून आधी जुनी यादी मागतो. थोडा वेळ जातो, काही जण चिडतात, चालायचंच.

मुळामुठा

म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं म्हणालात. ते फार महाग ना? कोविडमध्ये एका ओळखीच्यांसाठी आम्ही रात्रभर कुपी शोधत फिरलो होतो.

सदाशिवपेठी_फार्मसी

हो. तेव्हा देशभरात म्युकरचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, औषध कुठून पुरणार! जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने त्यावरचा कर शून्य केला होता, ती वेळच तशी होती. लायपोसोमल प्रकारात कुपी ५० मिलिग्रॅमची येते. म्युकरला दर किलो वजनामागे किमान ५ मिलिग्रॅम. ६० किलोचा माणूस म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम, सहा कुप्या, आणि हे आठवड्यानुआठवडे. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन खूप स्वस्त, पण ते किडनीला फार झोंबतं, आणि जी किडनी आईने दिली ती वाचवायची म्हणूनच तर लायपोसोमल वापरायचं. पोटॅशियम दोन्हीत उतरतं.

पैशांसाठी: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख केली आहे, पण नंतरच्या संसर्गाचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरू नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिल झाल्यावर जाऊन उपयोग होत नाही.

गच्चीवरचीबाग

माझ्या वडिलांची किडनी बदलायची तयारी चालू आहे, त्यामुळे हा धागा जपून ठेवते आहे. आमच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत होतं, गेली कित्येक वर्षं. पालिकेची मिळकतकरात सवलतही घेतो. बाबाच ते डबे हलवतात, त्यांचा तो आवडता उद्योग आहे. हे बंद करावं लागेल का? आणि बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांनी मांडलेला संसार, त्याचं काय? सोसायटीत एक काकू रोज दाणे टाकतात, बोललं की वाद.

सूक्ष्मदर्शी

कंपोस्टचे डबे घरातून हलवा, खरंच. कुजणाऱ्या ढिगात आतून ऊब तयार होते आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला ती ऊब मानवते, तो ५० अंशांतही आरामात वाढतो. डबा उघडून खालीवर केला की बीजाणूंचा लोट थेट तोंडावर येतो. सोसायटीच्या सामायिक खड्ड्यात टाका किंवा ओला कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा नेणाऱ्या ताईंना द्या. बाबांना कुंड्यांना पाणी घालू दे, फुलं तोडू दे, फक्त माती उकरणं, कुंडी बदलणं, वाळला पाला झाडणं दुसऱ्या कुणीतरी करावं.

कबुतरांच्या वाळल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही आणखी एक बुरशी असू शकते. ती फुप्फुसातून शिरते आणि पुढे मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. ट्रान्सप्लांटवाल्याला दिवसेंदिवस डोकं दुखत असेल तर क्रिप्टोकॉकसची अँटिजेन तपासणी करून घ्यावी, सोपी आणि खात्रीची आहे. डक्ट साफ करून जाळी लावून घ्या, पण ऑपरेशनच्या आधी, आणि तेव्हा बाबा घरात नकोत. विष्ठा आधी पाण्याने चिंब भिजवायची, कोरडी खरवडायची नाही.

ओल आलेल्या भिंतीचंही ऑपरेशनआधी बघा. पुण्यात जून ते सप्टेंबर पश्चिमेकडच्या भिंती कशा काळ्या पडतात ते माहीत आहे सगळ्यांना. वरून रंग मारून उपयोग नाही, पाणी कुठून झिरपतंय ते बंद करा.

बांधकामाची धूळ तर आता टळतच नाही. कोथरूड, सहकारनगर, जिकडे बघावं तिकडे जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. शेजारी पाडकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, फरशी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायची, बाहेर जाताना नीट बसलेला एन-९५. सर्जिकल मास्क बीजाणूंना अडवत नाही, रुमाल तर नाहीच.

काळीमाती

इंदापूरकडचा आहे. बहिणीने किडनी दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ताईंनी धागा काढला ते चांगलं केलं, पण हे सगळं वाचून गावाकडच्या माणसाला वाटेल की घराबाहेरच पडू नये. तसं करून आमचं पोट कसं भरणार?

मी शेती करतो. काही कामं सोडली ती कायमची सोडली. कडबाकुट्टीच्या यंत्रावर उभा राहत नाही. उकिरडा भरत नाही, शेणखत पसरत नाही. मळणीच्या वेळी रानात नसतो. पाचट पेटवतात तेव्हाही लांब. ही कामं धाकटा भाऊ बघतो. ड्रिप, मोटर, मजूर, हिशेब, बाजार हे माझ्याकडे. पावसात गोठ्यात सादळलेला चारा असेल तर मी जातच नाही, त्याला हातसुद्धा लावत नाही. सुरुवातीला भावकीत बोलायचे, 'किडनी बदलली की माणूस साहेब होतो'. बहिणीने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, माझी किडनी आहे ती, तिला काही झालं तर मला विचारा. नंतर कुणी बोललं नाही.

एक विचारायचं होतं. द्राक्षावर आम्ही जी बुरशीनाशकं मारतो, त्यातली नावं या औषधांसारखीच वाटतात. टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल. काही संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी

काळीमाती दादा, फार नेमका प्रश्न. संबंध आहे, दोन्ही एकाच घराण्यातली. रानात सतत अशा फवारण्या झाल्या की मातीतला अ‍ॅस्परजिलस त्यांना सरावतो आणि मग माणसाला दिलेल्या व्होरीकोनॅझोललाही दाद देत नाही. असा प्रतिकारक अ‍ॅस्परजिलस भारतातही सापडलेला आहे, २०१२ पासून त्याच्या नोंदी आहेत. रुग्ण ते औषध जन्मात घेतलेला नसतो आणि तरी बुरशी त्याला पुरून उरते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे, त्याला हा प्रतिकारही एक कारण. म्हणून कल्चरवर बुरशी उगवली तर तिची औषधाला संवेदनशीलता तपासायला सांगा. तुम्ही कामांची वाटणी केली आहे ती उत्तम आहे. डॉक्टरांना मात्र शेती करतो हे प्रत्येक वेळी सांगा, निदान करताना त्याचा उपयोग होतो.

गवतीचहा

सगळ्यांना सदिच्छा. एक सुचवावंसं वाटतं. गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्ती वाढवतो, आमच्याकडे कोविडमध्ये सगळ्यांनी घेतला. औषधांबरोबर तोही चालू ठेवला तर?

बार्शीलाईट

गवतीचहा, तुमची भावना पोचली, पण ट्रान्सप्लांटवाल्यांनी गुळवेल घ्यायची नाही. प्रतिकारशक्ती वाढली की ती पहिल्यांदा नव्या अवयवावरच चाल करून जाते, ती दाबण्यासाठीच तर आमच्या सगळ्या गोळ्या. शिवाय गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आल्याच्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. माझ्यासारख्याला तर त्या वाटेला जायचंच नाही. च्यवनप्राश, काढे, 'इम्युनिटी'च्या गोळ्या, कुणी प्रेमाने आणून दिल्या तरी ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय तोंडात घालू नयेत.

पर्वतीपायथा ताई, लिव्हर आता ठीक आहे, विचारलंत म्हणून बरं वाटलं. डोस वाढवून रिजेक्शन आटोक्यात आलं, बुरशीही गेली. तपासण्या तेवढ्या चालू आहेत.

मुळामुठा

मामांना रोज सेप्ट्रान चालू आहे. ती या बुरशीसाठीच ना? मग हे बाकीचं होणार नाही असं समजायचं का?

सूक्ष्मदर्शी

सेप्ट्रान न्यूमोसिस्टिससाठी. साधारण सहा महिने ते वर्षभर देतात, फुप्फुस बदललेल्यांना बहुधा कायम. तिच्यामुळे न्यूमोसिस्टिस फारच कमी झालाय, म्हणून 'आता बरा आहे' म्हणत मनाने बंद करू नका. पण अ‍ॅस्परजिलस, म्युकर, क्रिप्टोकॉकस यांच्यावर तिचा उपयोग नाही.

पर्वतीपायथा

धागा वर काढतेय. सीटी पुन्हा झाला. मोठी गाठ निम्म्याहून कमी झाली आहे, धूसर कडा गेली, नवीन काही नाही. खोकला जवळजवळ थांबलाय आणि पर्वतीच्या पायऱ्या चढायच्या का असं विचारतोय. (उत्तर: अजून नाही.)

लेव्हलचे आकडे त्याला दाखवले. आता तो स्वतःच वही ठेवतो: तारीख, टॅक्रोचा डोस, लेव्हल, क्रिएटिनिन, व्होरी चालू की बंद. रक्त नेहमी सकाळच्या डोसच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. मागच्या वेळी लॅबमधल्या नव्या मुलाने 'गोळी घेऊन या, चालतं' म्हटल्यावर यानेच त्याला समजावलं.

सदाशिवपेठी_फार्मसी, तुमचं ठळक अक्षरातलं वाक्य छापून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे सगळ्या रुग्णांना द्यायला हवं. पुढचा सीटी चांगला आला तर व्होरी बंद होईल, आणि तेव्हा टॅक्रो कसं वाढवायचं आणि लेव्हल कधी कधी करायची हे त्यांनी आत्ताच फाइलवर लिहून दिलंय. घराजवळच्या डॉक्टरांनाही जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, को-ऑर्डिनेटर ताईंचा नंबर त्याच्या केसपेपरवर वर लाल शाईने लिहून ठेवला.

सासूबाई विचारताहेत की त्यांची एकच किडनी राहिली आहे, तर त्यांनाही या बुरशीची भीती आहे का?

सूक्ष्मदर्शी

नाही. त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत नाहीत, त्यामुळे बुरशीच्या बाबतीत त्या तुमच्या-माझ्यासारख्याच. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन मात्र त्यांचंही तपासून घ्या. मुलाच्या धावपळीत दात्याची तपासणी राहून जाते.

सदाशिवपेठी_फार्मसी

व्होरी बंद झाल्यानंतरची पहिली लेव्हल आली की इथे जरूर कळवा.